चांगला मेंढा बाजारात, उरलेला कळपात
अल्पभूधारकांच्या मेंढीपालनातील दुर्लक्षित प्रश्न

सोनाळा (जि. बुलडाणा), (प्रतिनिधी) - संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले सोनाळा हे गाव संत सोनाजी महाराजांच्या यात्रेमुळे पंचक्रोशीला परिचित आहे. गावाच्या उत्तरेला अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर आणि दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी काळी जमीन, अशी या भागाची रचना. कपाशी, सोयाबीन आणि तूर ही येथील प्रमुख पिके. दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पावसाने एकदा दगा दिला तर वर्ष निभावणे कठीण होते. अशा घरी दहा-वीस मेंढ्या असतील तर मुलीचे लग्न, दवाखान्याचा खर्च किंवा पेरणीचे बियाणे यांपैकी एखादी अडचण तरी सावकाराच्या दारी न जाता निभावते. विदर्भात अशा घरांची संख्या कमी नाही. मात्र या मेंढ्यांची पैदास कशी होते, कोणता नर कळपात राहतो आणि तो का राहतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

व्यवहार असा चालतो. कळपातले जे नर कोकरू झपाट्याने वाढते, ज्याचे अंग भरलेले असते, त्याला व्यापाऱ्याचा चांगला दर येतो. बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यांत तर हा दर एरवीपेक्षा बराच चढलेला असतो. गरजू शेतकरी साहजिकच ते कोकरू विकून मोकळा होतो. मागे उरतो तो किरकोळ अंगाचा, कोणी न मागितलेला नर. पुढच्या पावसाळ्यात माजावर आलेल्या मेंढ्यांना तोच लागतो आणि पुढच्या पिढीचा बाप होतो. वर्षानुवर्षे हेच घडत राहिले की कळपाची उंची, वजन आणि वाढीचा वेग हळूहळू उतरत जातो. आपली देशी मेंढी निकृष्ट आहे, असे मग सर्रास म्हटले जाते. दोष जातीचा किती आणि निवडीचा किती, हा हिशेब मात्र मांडला जात नाही.

मेंढा म्हणजे अर्धा कळप, असे पशुपैदाशीचे शास्त्र सांगते. एक मेंढी वर्षाकाठी एखादे किंवा फार तर दोन कोकरांना जन्म देते. वीस मेंढ्यांमागे असलेला एक नर मात्र त्या वर्षीच्या सर्व कोकरांचा बाप असतो. प्रत्येक कोकरात निम्मे गुण त्याचे येतात. म्हणजे मेंढी चुकीची निवडली तर नुकसान एका कोकराचे, नर चुकला तर सगळ्यांचे.

दख्खनची काटक मेंढी

महाराष्ट्रातील बहुसंख्य मेंढ्या दख्खनी जातीच्या आहेत. काळा, काळा-पांढरा किंवा तपकिरी रंग, जाड व केसाळ लोकर आणि पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन सुमारे तीस किलो, अशी ही मेंढी. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी असे तिचे प्रादेशिक प्रकार मानले जातात. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी त्याहून उंच व वजनदार असून पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकामुळे ती चटकन ओळखू येते. माडग्याळ मेंढ्यावर लाखांची बोली लागल्याच्या बातम्या अधूनमधून झळकतात. माडग्याळ मेंढी वाढीला चांगली आहे, यात शंका नाही; पण नाकाच्या बाकावरून लागलेल्या बोलीचा दहा मेंढ्या राखणाऱ्याच्या उत्पन्नाशी संबंध थोडाच. विदर्भात याखेरीज कच्छमधून आलेल्या रबारी पशुपालकांचे डेरेही दिसतात. उंटांवर संसार लादून पांढऱ्या मेंढ्यांचे मोठे कळप हाकणाऱ्या या मंडळींना येथे सरसकट काठेवाडी म्हणतात.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या होत्या. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. शेजारच्या तेलंगणात ही संख्या १ कोटी ९० लाखांच्या घरात होती.

दख्खनी मेंढीच्या सुधारणेचे प्रयत्न नवे नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भर होता तो लोकरीवर. मेरिनो आणि रॅम्बुले या परदेशी जातींचे नर आणून संकर करण्यात आले. संकरित मेंढीची लोकर काहीशी मऊ झाली. परंतु माळरानावर रोज मैलोगणती चालणे, उन्हाळ्यात काटेरी झुडपांचा पाला खाऊन तग धरणे आणि पावसाळी रोगराईला तोंड देणे हे तिला दख्खनी मेंढीइतके साधले नाही. पुढे घोंगडीची जागा गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटने घेतली, लोकरीचा भाव घसरला आणि अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून निघेना. आज मेंढपाळाचे उत्पन्न प्रामुख्याने कोकरांच्या विक्रीतून येते. त्याला जोड असते ती शेतात मेंढ्या बसवण्याच्या मोबदल्याची. पीक निघाल्यावर रात्री कळप रानात बसवला की लेंडी व मूत्र थेट जमिनीत मुरते. रासायनिक खतांच्या किमती वाढल्यापासून या जुन्या पद्धतीची किंमत शेतकऱ्यांना पुन्हा कळू लागली आहे.

उत्पन्न कोकरांतून येणार असेल, तर एका मेंढीमागे वर्षाला किती कोकरे जगून बाजारापर्यंत पोहोचतात, हाच खरा प्रश्न ठरतो. दख्खनी मेंढी साधारणतः एका वेळी एकच कोकरू देते. जुळे क्वचितच होते. मेंढी फळल्यापासून विण्यापर्यंत सुमारे पाच महिने लागतात. कोकराला पाजण्याचा काळ धरता चांगल्या सांभाळात दोन वर्षांत तीन वेते मिळू शकतात. चारा अपुरा असेल तर वर्षाला एकच. चारा-पाणी, राखण आणि औषध यांचा खर्च मात्र एका कोकरासाठीही तेवढाच आणि दोनांसाठीही जवळपास तेवढाच.

फलटणचा प्रयोग

या प्रश्नावर महाराष्ट्रात झालेले सर्वांत लक्षणीय काम सातारा जिल्ह्यातील फलटणचे आहे. बनबिहारी विष्णू निंबकर यांनी १९६८ मध्ये तेथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. (निंबकर हे समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे जावई. त्यांना २००६ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले; २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.) त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांच्या पुढाकाराने संस्थेच्या पशुसंवर्धन विभागाने दख्खनी मेंढीला जुळी कोकरे व्हावीत, यासाठी १९९० च्या दशकात काम सुरू केले. परदेशातून भारदस्त नर आणण्याचा नेहमीचा मार्ग त्यांनी धरला नाही. त्यांनी निवडली ती पश्चिम बंगालच्या सुंदरबनातील गरोळ मेंढी.

गरोळ मेंढी दिसायला अगदीच खुजी. पूर्ण वाढलेली मादी दहा-पंधरा किलोंच्या आसपास भरते. गुडघाभर पाण्यातही ती चरते. पण एका वेताला दोन, कधी तीन कोकरे देते. तिच्या या गुणाचा एक धागा थेट ऑस्ट्रेलियात जातो. १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने काही बंगाली मेंढ्या सिडनीला नेण्यात आल्या होत्या. पुढे न्यू साउथ वेल्समधील बुरूला नावाच्या फार्मवरील मेरिनो मेंढ्यांना असाधारण संख्येने जुळी-तिळी होतात, असे लक्षात आले. हा गुण त्या बंगाली मेंढ्यांकडून आला असावा, असा तर्क हेलन न्यूटन टर्नर या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ महिलेने मांडला. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी या गुणामागचा जनुकीय बदल शोधून काढला आणि नंतरच्या तपासणीत गरोळ मेंढीतही नेमका तोच बदल आढळला. या बदललेल्या जनुकाला 'फेक-बी' असे नाव आहे. त्याच्या प्रभावाने मेंढीच्या बीजांडकोशात एका माजाला एकाऐवजी दोन किंवा अधिक स्त्रीबीजे पक्व होतात.

अडचण होती ती आकाराची. गरोळ नर आणि दख्खनी मादी यांच्या पहिल्या संकरातून जुळी देणारी मेंढी मिळते, पण ती लहानखुरी होते आणि तिची कोकरेही हलकी भरतात. त्यामुळे संकरित पिल्ले पुन्हा दख्खनी रक्ताशी, पुढच्या पिढीत पुन्हा तशीच जुळवत गेले. प्रत्येक पिढीत गरोळचा अंश निम्म्याने कमी होत जातो. हवा असतो तो केवळ तो एक जनुक. येथे खरी मेख आहे. मादी विली की तिच्यात जनुक आहे की नाही, याचा अंदाज येतो. नर काही वीत नाही. त्याच्या अंगावर, शिंगांवर किंवा चालण्यात या गुणाची कोणतीही खूण नसते. रक्ताच्या नमुन्यातील डीएनए तपासल्याशिवाय तो कळत नाही. ही तपासणी भारतात बसवण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची साथ मिळाली, तर ऑस्ट्रेलियातील विद्यापीठे व तेथील आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्र यांचे सहकार्य लाभले.

प्रत्येक मेंढीत या जनुकाच्या दोन जागा असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. बदललेल्या जनुकाची एक प्रत असलेल्या मादीला एक किंवा दोन कोकरे होतात आणि दर वेताची सरासरी साध्या दख्खनीहून स्पष्टपणे वर जाते. दोन्ही प्रती असल्या तर तिळ्यांचा धोका वाढतो, आणि दुसऱ्या प्रतीने पडणारी भर पहिलीइतकी नसते. शेतकऱ्याच्या दारी तीन अशक्त कोकरांपेक्षा दोन धडधाकट कोकरे केव्हाही बरी. म्हणून शेतकऱ्याच्या कळपात एकच प्रत असलेली मादी सोयीची ठरते. त्यासाठी नर मात्र दोन्ही प्रतींचा लागतो, कारण असा नर साध्या दख्खनी मेंढीला लावला की त्याच्या प्रत्येक लेकीत एक प्रत हमखास उतरते. एक प्रतीचा नर वापरला तर निम्म्याच लेकींत उतरते आणि कोणत्या निम्म्या, ते पुन्हा तपासावे लागते.

या कामातून तयार झालेल्या मेंढीला संस्थेने 'नारी सुवर्णा' हे नाव दिले. राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनेही गरोळ, मालपुरा व पाटणवाडी या तीन देशी जातींच्या संकरातून याच जनुकाची 'अविशान' मेंढी विकसित केली.

जुळी झाली, पण जगली का?

जुळे देणारी मेंढी आणली म्हणजे उत्पन्न दुप्पट, असा प्रचार करणारे दलाल आता गावोगाव भेटतात. त्यांच्या नादी लागण्यापूर्वी एक साधा हिशेब करून पाहावा. समजा, दहा साध्या मेंढ्या विल्या, दहा कोकरे झाली आणि एक दगावले. हाती राहिली नऊ. आता समजा, दहा मेंढ्यांना पंधरा कोकरे झाली. त्यांतील तीन दगावली तर बारा उरतात आणि मेहनत फळाला येते. पण सहा दगावली तर पुन्हा नऊच, शिवाय मेंढ्यांची अंगे झडतात ती वेगळीच.

जुळी कोकरे जन्मतः वजनाने कमी असतात. आईचे दूध दोघांत वाटले जाते. पोटातल्या कोकराची बहुतांश वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते आणि नेमक्या याच काळात गाभण मेंढीला केवळ चरण्यावर सोडले जाते. सोनाळ्याच्या परिसरातील घरी तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार असतेच. त्याला मूठ-दोन मूठ सरकी ढेप किंवा भरड्याची जोड या दीड महिन्यात आणि विल्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत मिळाली तर फरक डोळ्यांना दिसतो. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत कोकराच्या पोटात चीक गेला पाहिजे. नाळेला आयोडीन लावणे, जुळ्यांतील दुबळ्याला धरून पाजणे, थंडीच्या रात्री गोणपाटाचा आडोसा करणे ही कामे कोणत्याही पुस्तकात शोधावी लागत नाहीत. ती बहुतेक घरांत स्त्रियाच करतात. जुळी वाढली की त्यांच्या कामात भर पडते, याची नोंद मात्र कोणत्याही योजनेच्या कागदात आढळत नाही.

रोगांचा भाग थोडक्यात सांगायचा तर आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी दर वर्षी आणि पीपीआरची लस तीन वर्षांतून एकदा, एवढे पाळले तरी मोठी हानी टळते. काळ्या जमिनीत पावसाळाभर खुरे ओली राहून सडतात. त्यामुळे रात्रीचा वाडा मुरमाड, उतारावरच्या जागी असावा. जंत मारण्याचे औषध शक्यतो शेणाची तपासणी करून द्यावे. दर महिन्याला आंधळेपणाने पाजल्यास जंतच औषधाला जुमानेनासे होतात.

वीस माद्या, एक नर

राज्य शासनाने २०१७ मध्ये भटक्या जमाती (भज-क) प्रवर्गातील मेंढपाळांसाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आणली. ७५ टक्के अनुदानावर २० माद्या व १ नर असा गट देण्याची त्यात तरतूद होती. त्याच वर्षी तेलंगणानेही याच प्रमाणात मेंढ्या वाटल्या. दारात कळप उभा राहणे ही गरीब कुटुंबासाठी लहान गोष्ट नव्हे. परंतु एका नराचा गट दिला की दोनेक वर्षांत त्याच्याच लेकी माजावर येतात. तोच नर कळपात राहिला तर बाप-लेकींचा संकर सुरू होतो. अशा संबंधातून होणाऱ्या कोकरात निकटपैदाशीचे प्रमाण २५ टक्के भरते. वाढ खुंटणे, मरतूक वाढणे, मेंढ्या न फळणे ही त्याची लक्षणे. हे टाळायला पैसा लागत नाही. दोन गावांतल्या किंवा एकाच गावातल्या दोन कळपांनी दर दोन वर्षांनी आपापले नर बदलून घेतले तरी पुरते. नवा नरच हवा असेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे आहेत. पश्चिम विदर्भाला त्यांतले जवळचे म्हणजे अमरावती जिल्ह्यातील पोहरा.

घरच्या नराची निवड करतानाही एक फसगत होते. तीन महिन्यांची कोकरे शेजारी उभी केली की जाडजूड दिसते ते बहुधा एकटे जन्मलेले कोकरू. आईचे सगळे दूध त्यालाच मिळालेले असते. जुळ्यातले कोकरू दोन-तीन किलोंनी कमी भरले तरी ते गुणाने कमी असेलच असे नाही. उलट जुळे देण्याचा आणि दोघांना पुरेल इतके दूध असण्याचा गुण ज्या आईकडे आहे, तिचे ते पिल्लू असते. डोळ्यांना भरणारा नर ठेवण्याच्या नादात शेतकरी नकळत जुळे देणाऱ्या माद्यांचा वंशच मागे टाकतो. म्हणून तुलना करायची ती जुळ्याची जुळ्याशी आणि एकट्याची एकट्याशी. त्यासाठी कोणते कोकरू कोणत्या मेंढीचे, कधी जन्मले, एकटे की जुळे, एवढे टिपून ठेवावे लागते. कानात बिल्ला आणि घरात शाळेची एक वही एवढ्यावर हे भागते. वजनकाटा सोसायटीत किंवा किराणा दुकानात असतोच.

चराईचा प्रश्न मात्र वहीने सुटणारा नाही. अंबाबरवा १९९७ मध्ये अभयारण्य घोषित झाले आणि पुढे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाशी जोडले गेले. वन्यजीवांच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण पायथ्याच्या गावांतील जनावरांचे चराऊ रान त्यामुळे आक्रसले. दुसऱ्या बाजूला ज्वारीची जागा सोयाबीनने घेतल्याने कडबाही घटला. ज्याच्याजवळ चारा दहा मेंढ्यांचा आहे त्याने वीस मेंढ्या ठेवण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. अशा शेतकऱ्याला दहाच मेंढ्यांतून अधिक कोकरे वाढवता आली तरच हा धंदा परवडेल. फलटणच्या प्रयोगाचे महत्त्व सोनाळ्यासारख्या गावाला आहे ते यासाठी. 'नारी सुवर्णा'चा नर प्रत्येकाला मिळेल असे नाही, आणि ज्याच्याकडे शेवटच्या दीड महिन्याचा खुराक नाही त्याने तो आणूही नये. त्याने आधी आपल्याच कळपातला, जुळे देणाऱ्या आईचा एक नर राखावा.

पहिला पाऊस पडून हिरवा चारा आला की मेंढ्या माजावर येऊ लागतात. जून-जुलैत फळलेल्या मेंढ्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वितात. तेव्हा कपाशीचा पाला आणि काढणी झालेली राने चराईला मोकळी असतात. म्हणजे पैदाशीचा नर ठरवण्याची वेळ उन्हाळ्यातली, मृगाच्या आधीची. नको असलेल्या नरांना तेव्हाच वेगळे करावे किंवा जुने मेंढपाळ करतात त्याप्रमाणे पोटाखाली कापड बांधून त्यांना अटकाव करावा. पैदाशीसाठी राखलेल्या नराच्या कानात बिल्ला मारून तो व्यापारी वाड्यावर येण्याच्या दिवशी दुसऱ्याच्या कळपात सोडून ठेवणारे काही अनुभवी मेंढपाळ असतात. डोळ्यांसमोर नोटा आल्या की मन बदलते, असे त्यामागचे त्यांचे कारण.